वाहनचोरी कोणत्या देशात जास्त? आकडे असे वाचा

अंधेरीची एमएच-०२, बोरिवलीची एमएच-४७, मुलुंड-घाटकोपरची एमएच-०३. यातल्या कित्येक गाड्या रात्री सोसायटीबाहेर रस्त्यावरच उभ्या असतात. मग चोरीचा धोका आपल्याकडे जास्त की परदेशात?

दर कसा काढतात?
नुसता एकूण आकडा बघून उपयोग नाही. चोरीच्या नोंदींना लोकसंख्येने भागायचं आणि १ लाखाने गुणायचं. भारतातले आकडे एनसीआरबीच्या ‘क्राइम इन इंडिया’ अहवालात मिळतात.

कुठे काय झालं?
- अमेरिका: १९९१ मध्ये १६ लाखांहून जास्त चोऱ्या, म्हणजे लाखामागे ६५९. २०१४ पर्यंत हा दर २१५ च्या आसपास उतरला. २०२३ मध्ये चोऱ्या पुन्हा १० लाखांच्या वर गेल्या. इमोबिलायझर नसलेल्या किआ-ह्युंदाई गाड्या कशा पळवायच्या, याचे व्हिडिओ टिकटॉकवर फिरले, हे त्यामागचं एक मोठं कारण.
- इंग्लंड-वेल्स: १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला जवळपास ६ लाख. १९९८ पासून नव्या कारमध्ये इमोबिलायझर सक्तीचा झाला आणि आकडा कोसळला. आता कीलेस गाड्यांमुळे तो परत वाढलाय: चोर चावीचा सिग्नल लांबवर ‘रिले’ करतात आणि गाडीला वाटतं, चावी जवळच आहे.
- भारत: वर्षाला २ लाखांच्या वर नोंदी, म्हणजे लाखामागे साधारण १५. एकट्या दिल्लीत मात्र ३० हजारांच्या वर. तिथला दर दीडशेच्या पुढे जातो.

म्हणजे आपण २० पट सुरक्षित?
थांबा. अमेरिकेत माणसांच्या मानाने गाड्याच खूप जास्त आहेत. लोकसंख्येऐवजी वाहनांच्या संख्येने भागून बघूया. तिथे सुमारे २८ कोटी वाहनं, म्हणजे लाख वाहनांमागे ३६० च्या आसपास चोऱ्या. आपल्याकडे ३० कोटींच्या वर नोंदणीकृत वाहनं, म्हणजे साधारण ६५. फरक २० पटींवरून ५-६ पटींवर आला! आपल्या नोंदणीत भंगारात गेलेल्या गाड्याही असतात, त्यामुळे खरा फरक आणखी कमी. शिवाय आपल्याकडे बहुतांश वाहनं दुचाकी आहेत. त्यांची तुलना थेट कारशी होत नाही.

तुमच्या कामाचं
- फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर गाडी चोरीला गेल्यावर एक रुपयाही मिळत नाही. पॉलिसी आजच उघडून बघा.
- चोरी झाली तर आधी ११२, मग एफआयआर आणि लगेच विमा कंपनीला कळवा. कंपनी दोन्ही चाव्या मागते, दुसरी चावी जपून ठेवा.
- सेकंडहँड बाइक घेताना चासी आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवा. गाडी चोरीची निघाली तर पोलीस ती जप्त करतात, आणि पैसे तुमचे जातात.
- कीलेस चावी घराच्या दाराजवळ ठेवू नका. सिग्नल अडवणारं पाउच स्वस्तात मिळतं.

पुढच्या वेळी ‘अमुक देश नंबर वन’ असा फॉरवर्ड आला, की एकच प्रश्न विचारा: भागलं कशाने?