बोंड आपले, भाव त्यांचा: वऱ्हाड-नांदेडचा कापूस आणि जगाची साम्राज्ये

कापसाचा भाव मोंढ्यात फुटतो असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो ठरतो दुसरीकडेच. २०२५ चा खरीप आठवा. विष्णुपुरीच्या आसपास कपाशी फुलपात्यांवर होती आणि १९ ऑगस्टपासून केंद्र सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढून टाकले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपला कापूस वेचून बाजारात यायचे नेमके जे महिने, त्या महिन्यांत दार उघडे. कारण दिले ते वस्त्रोद्योगाला स्वस्त कच्चा माल मिळावा, हे. पण त्याच आठवड्यांत अमेरिकेने भारतीय मालावर चढवत नेलेले शुल्क २७ ऑगस्टला ५० टक्क्यांवर गेले होते आणि अमेरिकेला तिचा कापूस भारतात खपवायचा होता, हेही सगळ्यांना दिसत होते. त्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल होता. खाजगी व्यापाऱ्यांची खेडा खरेदी त्याच्या बरीच खाली चालली.

ही काही पहिली वेळ नव्हे. आमच्या भागातल्या कापसावर दूरच्या सत्तेचा हात पडला त्याला पावणेदोनशे वर्षे होत आली. शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट तुकड्यातुकड्यांनी येते. वऱ्हाड एका धड्यात, इजिप्त दुसऱ्या, बीटी बियाणे तिसऱ्या. एकत्र वाचली तर चित्र वेगळे दिसते, म्हणून इथे एकत्र मांडत आहोत.

वऱ्हाड कसा गेला

१८५३ साली लॉर्ड डलहौसीच्या काळात इंग्रजांनी निजामाशी करार केला आणि वऱ्हाड, धाराशिवचा भाग व रायचूरचा दोआब आपल्या ताब्यात घेतला. निमित्त कर्जाचे. ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाची फौज इंग्रजांची, तिचे अधिकारी इंग्रज, पण खर्च निजामाच्या माथी. तो थकला म्हणून मुलूख तारण घेतला. १८५७ च्या उठावात निजामाने साथ दिली म्हणून १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र मिळाला नाही. का मिळाला नाही, हे विचारायला अमरावती किंवा खामगावच्या काळ्या रानात नुसते उभे राहिले तरी पुरे. तिथे कापूस पिकतो.

निजामाच्या राज्याला ‘मुसलमानांची सत्ता’ म्हणून नावाजणारेही आहेत आणि शिव्या घालणारेही. दोघांनीही हा करार वाचावा. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने हाच वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेऊन टाकला आणि निजामाने सही केली. इंग्रजांनी पुढे त्याच्या मुलाला ‘विश्वासू दोस्त’ असा किताबही दिला. दोस्तीचा हिशोब कापसाच्या गठाणींत होता.

मग १८६१ आले. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तोवर इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे पाचात चार हिस्से अमेरिकेच्या दक्षिणेतून, गुलामांच्या हातांनी वेचलेला येत होता. लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरची चाके थांबली. आता कापूस आणायचा कुठून? वऱ्हाड, खानदेश, गुजरात आणि इजिप्त. मुंबईत पैशांचा पाऊस पडला, शेअरचा सट्टा खेळला गेला. १८६५ मध्ये युद्ध संपले तसे भाव कोसळले आणि मोठमोठे सावकार बुडाले. वऱ्हाडचा शेतकरी मात्र ज्वारीच्या रानात कपाशी लावून बसला होता. सरकारने मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कॉटन कमिशनर नावाचा अधिकारी नेमला. १८७० मध्ये खामगावच्या बाजारापर्यंत रेल्वेचा फाटा आला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो हजर होता. एका तालुक्याच्या बाजारासाठी व्हाइसरॉय येतो, यावरून काय ते समजावे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत याच वऱ्हाडात माणसे अन्नावाचून मेली. रेल्वे तेव्हा सुरू होती.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. कापूस बंद झाल्याने लँकेशायरचे कामगार उपाशी पडले होते. तरीही १८६२ च्या शेवटच्या दिवशी मँचेस्टरच्या कामगारांनी सभा घेऊन गुलामगिरीच्या विरोधात, लिंकनच्या बाजूने ठराव केला. १९३१ मध्ये गांधीजी लँकेशायरला गेले तेव्हाही, विदेशी कापडाच्या बहिष्कारामुळे काम गेलेल्या गिरणी कामगारांनी त्यांचे हसतमुखाने स्वागत केले. साम्राज्य म्हणजे इंग्रज माणूस नव्हे, हा फरक मुलांना सांगताना आम्ही हीच दोन उदाहरणे देतो.

तोच कापूस, मिसरमध्ये

वऱ्हाडात जे झाले तेच मिसरमध्ये, म्हणजे इजिप्तमध्ये, अधिक मोठ्या प्रमाणावर झाले. कापसाच्या तेजीत खेदिव इस्माईलने युरोपच्या बँकांकडून भरमसाट कर्ज काढले. कालवे, रेल्वे, राजवाडे. तेजी गेली, कर्ज राहिले. १८७५ मध्ये त्याला सुएझ कालव्यातला आपला हिस्सा इंग्लंडला विकावा लागला, पुढच्या वर्षी देशाचे दिवाळे निघाले, तिजोरीवर इंग्रज-फ्रेंच साहेब येऊन बसले. अहमद उराबी पाशाने याविरुद्ध बंड उभारले. १८८२ मध्ये तेल-अल-कबीरला ते मोडले गेले आणि इंग्रजांनी मिसर ताब्यात घेतला. त्या लढाईत इंग्रजांकडून लढायला हिंदुस्थानी पलटणीही नेल्या होत्या. उराबी पाशाला धाडले आपल्या शेजारी, सिलोनला. १९०१ पर्यंत तो तिथेच नजरकैदेत होता.

कर्जात अडकवणे, तारण म्हणून मुलूख किंवा तिजोरी ताब्यात घेणे, आणि एकाच पिकावर सगळे शेत उभे करायला लावणे, ही रीत हैदराबादला आणि काहिराला एकच आहे. फक्त हैदराबादला बंडाऐवजी किताब आला.

साम्राज्य एकाच रंगाचे असते असे मात्र समजू नये. सोव्हिएत रशियाने मध्य आशियातल्या मुसलमान प्रदेशांवर कापूस लादला, अमू आणि सीर या नद्या कापसाकडे वळवल्या, अरल समुद्र आटला. लाल झेंडा होता म्हणून ते माफ होत नाही. आज शिनजियांगमधल्या उइगरांचे हाल खरे आहेत, आणि तिथल्या मालावर २०२२ मध्ये बंदी आणणाऱ्या अमेरिकेचा स्वतःच्या कापसातला स्वार्थही खरा आहे.

पिंजाऱ्याचे धनुष्य

कापूस आपल्या घरात फक्त शेतातून आला नाही. मराठवाड्यात पिंजारी, नदाफ, मन्सुरी ही आडनावे असलेली किती घरे आहेत, ते मोजून पाहा. गावोगाव खांद्यावर पिंजण टाकून फिरणारा, तातीचा टणत्कार करत रुई मोकळी करणारा, गाद्या-रजया भरून देणारा हा समाज. अरबीत ‘हल्लाज’ म्हणजे कापूस पिंजणारा. ९२२ साली बगदादमध्ये ज्यांना देहदंड देण्यात आला ते सुफी मन्सूर अल-हल्लाज याच नावाने ओळखले जातात आणि मन्सुरी समाज आपले नाव त्यांच्याशी जोडतो. लग्नात मुलीला दिली जाणारी गादी, बाळंतिणीची रजई, कफनाचा लठ्ठा, हज-उमऱ्याचा एहराम, सगळीकडे कापूस.

या कारागिराची पहिली कमाई जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांनी खाल्ली, दुसरी यंत्राच्या पिंजणाने आणि उरलीसुरली फोमच्या गादीने. महाराष्ट्रात हा समाज ओबीसी यादीत आहे. कागद काढताना घरचा जुना धंदा काय होता हे पोरांना सांगायला लागते, तेव्हा पिंजण कसे दिसायचे हे पुष्कळांना ठाऊक नसते.

नांदेड-परभणीचा गावरानी कापूस देशी कापसात चांगल्या धाग्याचा म्हणून नावाजलेला होता. १९०० च्या सुमारास मनमाडकडून रेल्वे आली आणि तो मुंबईला जाऊ लागला. निजामकाळात नांदेडला उस्मानशाही मिल उभी राहिली. निदान काही कापसाचे कापड इथेच होऊ लागले, शहरातल्या शेकडो घरांची चूल तिच्या भोंग्यावर पेटायची. आज ती बंद आहे.

खादी मात्र अजून आहे. राष्ट्रध्वजाचे कापड आणि ध्वज तयार करणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांत नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती आहे आणि तिचे ध्वजाचे कापड लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला विणले जाते. ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत बदल झाला. पॉलिस्टरच्या, यंत्रावर बनवलेल्या ध्वजाला मुभा मिळाली. पुढच्याच वर्षी घरोघरी तिरंगा लागला, त्यातला पुष्कळसा पॉलिस्टरचा. देशप्रेमाचे प्रमाणपत्र आमच्याकडे वरचेवर मागितले जाते. उदगीरच्या मागावरच्या बाईच्या पोटावर पाय कुणी दिला, हे मात्र कुणी विचारत नाही.

बी कोणाचे

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. नांदेडला कापूस संशोधन केंद्र आहे, परभणीच्या कृषी विद्यापीठाचे. १९८० च्या दशकात या केंद्राने ‘एनएचएच-४४’ हे संकरित वाण दिले. शेतकरी त्याला नुसते ‘नांदेड-४४’ म्हणत. कोरडवाहू रानात टिकणारे, रसशोषक किडींना तोंड देणारे, सरकारी महाबीजमार्फत मिळणारे. मराठवाड्यातच नव्हे तर बाहेरही ते खूप चालले. जनतेच्या पैशातून, जनतेच्या विद्यापीठात तयार झालेले बी.

२६ मार्च २००२ रोजी केंद्राने बीटी कपाशीला परवानगी दिली. जीन अमेरिकेच्या मोन्सँटोचा, भागीदार आपल्या जालन्याची महिको. साडेचारशे ग्रॅमचे पाकीट सुमारे १,६०० रुपयांना, आणि त्यातले बाराशेच्या वर नुसते जीनचे भाडे. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारीविरोधी आयोगाकडे गेले, तेव्हा पाकीट ७५० वर आले. यावरून आधी किती घेतले जात होते ते कळते. नांदेड-४४ मध्ये बीटी जीन नव्हता, म्हणून काही वर्षांतच ते बाजारातून मागे पडले. शास्त्रात ते कमी होते असे नाही. जीन ज्याच्या हातात, बाजार त्याच्या हातात.

बीटीने सुरुवातीला फवारणी वाचवली हे खरे आहे, ते नाकारू नये. पण भारतात बीटी जवळपास सगळे संकरित वाणातच दिले गेले. संकरिताचे बी पुढच्या वर्षी घरचे ठेवता येत नाही, दरसाल पाकीट विकत घ्यावेच लागते. चीन आणि ऑस्ट्रेलियात सरळ वाणांतही बीटी आहे. आपल्याकडचे लांब मुदतीचे संकरित वाण आणि जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत ठेवलेली फरदड यांनी गुलाबी बोंडअळीला भरपूर खाऊ घातले. २०१० मध्ये गुजरातेत पहिल्या बीटीला अळी पचवू लागल्याचे कंपनीने मान्य केले, पुढे दुसऱ्या बीटीचेही तेच झाले आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रात बोंडे आतून पोखरून निघाली. सरकारने जीनचे भाडे कमी करत करत २०२० मध्ये शून्यावर आणले. तोवर अळी जीनला जुमानेनाशी झाली होती, आणि मोन्सँटो २०१८ मध्येच जर्मनीच्या बायरने विकत घेतली होती.

परभणीच्या विद्यापीठाने नंतर महाबीजबरोबर करार करून नांदेड-४४ चे बीटी रूप आणले. त्याहून मोठी गोष्ट अलीकडची. नांदेड केंद्राच्या ‘एनएच १९०१ बीटी’, ‘एनएच १९०२ बीटी’ आणि ‘एनएच १९०४ बीटी’ या सरळ वाणांना मान्यता मिळाली आहे. सरळ वाण म्हणजे बी घरचे ठेवता येते. वर्तमानपत्रात ही बातमी आतल्या पानावर येऊन गेली. ती पहिल्या पानाची होती असे आमचे मत आहे.

भावाचेही तसेच. अमेरिका आपल्या कापूसवाल्या शेतकऱ्यांना अब्जावधी डॉलरची सरकारी मदत देते, त्यामुळे जगाचा भाव पडतो. २००३ मध्ये बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड या चार गरीब आफ्रिकी देशांनी जागतिक व्यापार संघटनेत हेच मांडले. माली, चाडमध्ये बहुसंख्य मुसलमान शेतकरी आहेत आणि त्यांची अडचण शब्दशः आपलीच आहे. ब्राझीलने खटला जिंकला. २०१४ मध्ये अमेरिकेने त्याला ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. आफ्रिकेच्या चौघांच्या हाती आश्वासने आली.

हमीभाव मिळतो कुणाला

महाराष्ट्रात १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी योजना होती, तिच्यात घोटाळे होते पण सरकार खरेदीदार होते. आता भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, एवढाच आधार. २०२५ पासून त्यासाठी ‘कपास किसान’ या मोबाईल ॲपवर नोंदणी करावी लागते. आधार, सातबारा आणि त्यावर कापसाची पीक नोंद लागते. म्हणून ई-पीक पाहणी वेळेत करा, सोयाबीनची नोंद आणि कापसाचा पेरा असे होऊ देऊ नका. कापूस ओला नेऊ नका. आठ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की दर कापतात, बाराच्या वर गेला की गाडी परत.

अडचण बटाईदारांची आहे. आपल्या समाजात जमीन थोड्यांकडे, बटाईने करणारी घरे बरीच. सातबारा मालकाच्या नावावर, त्यामुळे बटाईदाराला सीसीआयच्या दारात आपल्या नावाने उभे राहता येत नाही. तो खेडा खरेदीतच विकतो, किंवा मालकाच्या नावावर घालून पैशांची वाट पाहतो. असे असेल तर निदान मालकाशी वाट्याचा साधा कागद करून ठेवावा, आणि मालकाच्या नावाने नोंदणी करताना किती क्विंटल कुणाचे हे त्यावर लिहून घ्यावे. तलाठी, ग्रामसभा आणि आमदारांकडे बटाईदाराची स्वतंत्र नोंद मागणारे अर्ज गावागावांतून गेले पाहिजेत. अर्ज मराठीत लिहून हवा असेल तर गावातल्या शाळेच्या मास्तरांना गाठा, ते नाही म्हणणार नाहीत.