‘थिंग’: सभेची झाली वस्तू

ज्या वस्तूचं नाव पटकन आठवत नाही तिला इंग्रजीत ‘थिंग’ म्हणून मोकळं होता येतं. पेन, अडचण, सवय, भानगड, काहीही त्या एका शब्दात मावतं. इंग्लंडमधल्या केंटच्या राजांच्या 7व्या शतकातल्या कायद्यात मात्र हा शब्द येतो तो वादाचा निवाडा करायला जमलेल्या लोकांसाठी. जर्मन आणि डच ‘डिंग’, डॅनिश, नॉर्वेजियन आणि स्वीडिश ‘टिंग’, आइसलँडिक ‘थिंग’ ही सगळी त्याचीच भावंडं, आणि या घराण्याचा जुना अर्थ सभा हाच.

गॉथिक भाषेतला ‘काळ’ या अर्थाचा ‘थीह्स’ हा त्याच मुळातला मानतात. म्हणजे थिंग ही मुळात ठरल्या वेळी भरणारी बैठक असावी. रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ.स. 98च्या सुमारास जर्मनांच्या सभांचं वर्णन केलं आहे. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या सुमारास लोक हत्यारांनिशी जमत. म्हणणं पटलं नाही तर कुरकुर उठे, पटलं तर भाल्यांचा खणखणाट होई. या सभेला देवही होता. इंग्लंडच्या उत्तरेला हेड्रियनच्या भिंतीवरील हाउसस्टेड्स इथे रोमन सैन्यातल्या जर्मन शिपायांनी उभारलेली वेदी सापडली. तिच्यावरचा लेख ‘मार्स थिंक्सस’ या देवाला उद्देशून आहे. जर्मन ‘डीन्सटाग’ आणि डच ‘डिन्सडाग’, म्हणजे मंगळवार, हे बहुतेक अभ्यासक याच देवाच्या नावाशी जोडतात.

थिंग म्हणजे नेमकं काय, हे सर्वांत स्पष्ट दिसतं ते आइसलँडमध्ये. तिथे 930मध्ये साऱ्या बेटाची सभा, अल्थिंग, स्थापन झाली. जागा थिंगवेत्लिर, म्हणजे थिंगचं मैदान. दर उन्हाळ्यात सुमारे दोन आठवडे माणसं घोड्यांवरून तिथे येत. दगड-मातीच्या भिंती कायमच्या उभ्या असत; त्यांच्यावर लोकरी कापडाचं छत घातलं की राहुटी तयार. राजा नव्हता, आणि पहिल्या दोनेक शतकांत लिहिलेला कायदाही नव्हता. कायदा एका माणसाच्या स्मरणात असे. त्याला विधिवक्ता म्हणता येईल. त्याची निवड तीन वर्षांसाठी होई आणि दरवर्षी एकतृतीयांश कायदा त्याने सभेत मोठ्याने म्हणून दाखवायचा. वेदपाठाची परंपरा जपणाऱ्यांना या जबाबदारीचं ओझं वेगळं सांगायला नको. कायदा लेखी उतरू लागला तो 1117च्या हिवाळ्यात.

या पदाची खरी कसोटी लागली 1000च्या सुमारास. जुन्या देवांचे उपासक आणि ख्रिस्ती एकमेकांचा कायदा मानायला तयार होईनात. निवाडा विधिवक्ता थोरगेर याच्यावर सोपवला गेला. तो स्वतः जुन्या धर्माचा. उरलेला दिवस आणि सारी रात्र तो अंगावर पांघरूण ओढून पडून राहिला. सकाळी त्याने सांगितलं, कायदा एकच हवा, कायदा फुटला तर शांतता फुटेल. तेव्हा सगळ्यांनी ख्रिस्ती व्हावं. मात्र घोड्याचं मांस खाण्याची आणि गुपचूप बळी देण्याची मुभा काही काळ राहिली. एवढा मोठा पेच सभेत सुटला, यातच थिंगचं मोल दिसतं.

मग सभेची वस्तू कशी झाली? थिंगमध्ये जो वाद मांडला जाई त्यालाही लोक थिंगच म्हणू लागले. वादाचा अर्थ सैल होत ‘प्रकरण’, मग ‘बाब’, आणि शेवटी कुठलीही वस्तू, असा तो प्रवास झाला. जर्मन ‘झाखे’ आज वस्तू, बाब. तोही आधी खटलाच होता. लॅटिन ‘काउसा’, म्हणजे खटला किंवा कारण, यातूनच फ्रेंच ‘शोज’ आणि इटालियन ‘कोसा’ हे वस्तूवाचक शब्द निघाले. मराठीची ‘गोष्ट’ तरी कुठे वेगळी आहे? तिच्यामागे संस्कृत गोष्ठी आहे, म्हणजे मंडळींची बैठक आणि तिथलं बोलणं.

जुना अर्थ पुरता पुसला गेलेला नाही. डच कोर्टात तातडीच्या दाव्याला आजही ‘कोर्ट खेडिंग’ म्हणतात. डेन्मार्कची संसद फोल्केटिंग, नॉर्वेची स्टोर्टिंग. डॅनिशमध्ये तर फरक एका उपपदाचा: ‘एन टिंग’ म्हणजे वस्तू, ‘एत टिंग’ म्हणजे सभा. स्कॉटलंडचं डिंगवॉल, शेटलंडचं टिंगवॉल ही गावंही थिंगच्या मैदानांचीच नावं घेऊन बसली आहेत.

आयर्लंड आणि इंग्लंड यांच्यामधल्या आइल ऑफ मॅनच्या संसदेचं ‘टिनवाल्ड’ हे नावही तेच. दरवर्षी साधारण 5 जुलैला सेंट जॉन्स गावातल्या चार पायऱ्यांच्या टेकाडावर तिची उघड्यावर बैठक भरते. वर्षभरात झालेल्या कायद्यांचा गोषवारा मँक्स या बेटाच्या भाषेत आणि इंग्रजीत वाचला जातो. मंजुरीनंतर 18 महिन्यांत असं वाचन झालं नाही तर तो कायदा रद्द होतो. त्याच दिवशी कुणाही माणसाला टेकाडाच्या पायथ्याशी येऊन आपल्या तक्रारीचा अर्ज देता येतो.