फास्टर फेणे : अक्षरातून पडद्यावर

मराठी रहस्यकथेचा इतिहास बहुधा बाबूराव अर्नाळकरांच्या नावापाशी सुरू होतो. झुंजार आणि काळापहाड हे त्यांचे नायक प्रौढ, साधनसंपन्न व काहीसे अद्भुत कोटीतले होते. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी या परंपरेला वेगळे वळण दिले. त्यांचा बनेश फेणे पुणे जिल्ह्यातील फुरसुंगी गावचा आणि पुण्याच्या विद्याभवन शाळेतला विद्यार्थी. त्याच्याजवळ परवाना नाही, पिस्तूल नाही, कचेरी नाही. सायकल, धिटाई व जागरूक कान एवढ्या भांडवलावर तो गुन्ह्याचा माग काढतो.

या मालिकेचे यश केवळ कथानकात शोधणे अपुरे ठरेल. तिचा खरा कणा भाषिक आहे. ‘फास्टर’ हे इंग्रजी विशेषणाचे तुलनादर्शक रूप. मराठीत तुलना ‘पेक्षा’ने साधली जाते; ‘तर’ हा प्रत्यय केवळ तत्सम शब्दांपुरता उरला आहे. शाळकरी बोलीने मात्र हे परके रूप तुलनेवाचून उचलले व त्याचे विशेषनाम केले. ‘फास्टर फेणे डिटेक्टिव्ह’ या शीर्षकातही हाच न्याय दिसतो. ‘गणू शिंपी’ म्हणावे तसा येथे परका पेशा देशी रीतीने नावामागे येऊन बसला आहे.

याहून महत्त्वाचा आहे तो ‘ट्टॉक’. जीभ टाळूला लावून सोडल्याने होणारा हा ध्वनी मराठीच्या वर्णव्यवस्थेत नाही. दक्षिण आफ्रिकेतील झुलू, खोसा आदी भाषांत असे ध्वनी अर्थभेदक वर्ण म्हणून वावरतात. मराठीत ते हळहळीच्या ‘च्‌च्‌’सारख्या उद्गारांपुरतेच आढळतात. देवनागरीत त्यासाठी अक्षर नसल्याने भागवतांनी द्वित्त ‘ट’ योजून तो सूचित केला. पण सूचनेचे ध्वनीत रूपांतर वाचकालाच करावे लागे. ज्याने त्याने आपल्या तोंडात तो घडविला, आणि त्या क्षणी तो फेणेचा सोबती झाला.

मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले. पुढे १९८० नंतरच्या दशकात फेणे दूरदर्शन-मालिकेतून घरोघरी आला. सुमीत राघवन यांनी ती भूमिका केली. फेणेला चेहरा लाभला, तसाच ‘ट्टॉक’ला निश्चित उच्चारही लाभला. जे वाचकागणिक भिन्न होते ते श्रोत्यांसाठी एक झाले. २७ ऑक्टोबर २०१७ रोजी, म्हणजे भागवतांच्या स्मृतिदिनीच, प्रकाशित झालेल्या चित्रपटात अमेय वाघ यांचा फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतील गैरप्रकाराचा छडा लावतो. तेथे दिलीप प्रभावळकर यांनी साकारलेले भागवत स्वतःच पात्र होऊन येतात. शाळकरी पोर तरुण झाला आणि लेखक कथेत शिरला; तरीही ‘ट्टॉक’ टिकला.

रूपांतराची चर्चा करताना मूळ कथेशी इमान राखले की नाही, एवढेच पाहण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत उदाहरण त्याची मर्यादा दाखविते. कथानक, वय व काळ बदलूनही फेणे ओळखू येतो, कारण त्याची ओळख एका ध्वनीत साठविलेली आहे. मात्र तो ध्वनी पूर्वी वाचकाच्या श्रमाने जन्मत असे. आता तो आयता ऐकू येतो. पडद्याने फेणेला नवा श्रोतृवर्ग दिला हे निर्विवाद होय. त्या मोबदल्यात वाचकाच्या जिभेचे काम सुटले, याचीही नोंद वाङ्मयेतिहासाने ठेवणे अगत्याचे आहे.