मढचीं मतें आणि दिल्लीचें दप्तर

वर्सोव्याच्या धक्क्यावरून तरींत बसून खाडी ओलांडली कीं पलीकडे मढचें गांव लागतें. पाण्यावरून हें अंतर अवघ्या कांहीं मिनिटांचें. परंतु जमिनीवरून तेथें जावयाचें तर मालाड, मार्वे, आक्सा, एरंगळ असा मोठा वळसा पडतो. गांवाच्या टोकाला पोर्तुगीजांचा जुना किल्ला उभा आहे. १७३९ च्या फेब्रुवारींत, वसईच्या मोहिमेंत, तो मराठ्यांच्या हातीं आला आणि पुढें सारी साष्टीच इंग्रजांकडे गेली. किल्ल्याच्या छायेंत कोळ्यांच्या होड्या, वाळूवर पसरलेलीं जाळीं आणि वलांडीवर वाळत घातलेले बोंबील हें दृश्य मात्र तीनही राजवटींनीं पाहिलें. त्यांपैकीं एकीनेंही जाळें विणणाऱ्या प्रत्येक स्त्रीपुरुषाला त्याचें मत विचारलें नाहीं. प्रौढ मताधिकारानें तो प्रश्न प्रथम विचारला गेला तो १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकींत.

मत दिलें, पेटी मोहोरबंद झाली, प्रतिनिधि दिल्लीस गेला. पुढें काय? ज्याला मत दिलें त्यानें तेथें कोणत्या बाजूस हात वर केला, कोणते प्रश्न विचारले, कोणतें विधेयक मांडलें, याचा हिशेब मागण्याचा अधिकार मतदाराला आहे, हें सर्वच मान्य करतात. परंतु तो हिशेब कोणत्या वहींत सांपडतो आणि ती वही कशी वाचावी, हें फारच थोड्यांना ठाऊक असतें. मुंबईच्या उत्तर उपनगरांच्या प्रतिनिधींचा इतिहास चाळला म्हणजे या प्रश्नाचीं बरींच उत्तरें हातीं लागतात.

प्रथम मतदानाची रीत पाहावयास हवी. लोकसभेंत एखादा प्रश्न निर्णयास आला म्हणजे अध्यक्ष अनुकूल सभासदांस ‘होय’ आणि प्रतिकूल सभासदांस ‘नाहीं’ म्हणावयास सांगतात, आणि आवाजाच्या जोरावरून निकाल देतात. या आवाजी मतदानांत कोण काय बोलला याची नोंद राहत नाहीं. कोणी मतविभाजनाची मागणी केली तरच घंटा वाजते, दालनें मोकळीं केलीं जातात आणि प्रत्येकाचें मत नांवानिशीं कागदावर येतें. १९५७ पासून या कामासाठीं विजेचें यंत्र बसविलें गेलें. घटनेच्या दुरुस्तीला विशेष बहुमत लागत असल्यानें तेथें मतविभाजन टळत नाहीं; परंतु साधीं विधेयकें बहुतांशीं आवाजावरच मंजूर होतात. तेव्हां एखाद्या सभासदाचीं सारीं मतें पाहूं म्हणणाऱ्यास पहिली निराशा येथेंच पदरीं येते.

आणि जेथें मत नोंदलें जातें तेथेंही तें एकट्या संख्येनें बोलत नाहीं. १९५६ चें उदाहरण महाराष्ट्राला विसरतां येणार नाहीं. राज्यपुनर्रचनेच्या वादांत मुंबई महाराष्ट्राला द्यावी कीं न द्यावी, हा प्रश्न ऐरणीवर आला असतां कुलाब्याचे प्रतिनिधि चिंतामणराव देशमुख हे केंद्राचे अर्थमंत्री होते. मंत्रिमंडळांत राहून मंत्रिमंडळाच्या निर्णयाविरुद्ध मत देणें शक्य नव्हतें. मौन धरून हात वर करणें त्यांस पटलें नाहीं. त्यांनीं त्या वर्षाच्या जुलै महिन्यांत पदाचा त्याग केला आणि आपलीं कारणें लोकसभेपुढें मांडलीं. ऑगस्टमध्यें द्विभाषिक मुंबई राज्याची योजना मंजूर झाली ती झालीच. परंतु त्या वर्षाच्या दप्तरांत मतांच्या बेरजेहून तो राजीनामा अधिक वाचला गेला. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य मुंबईसह अस्तित्वांत आलें, त्यामागें हुतात्म्यांचें रक्त होतें, लोकांची चळवळ होती आणि अशा कांहीं नकारांचें बळही होतें.

मुंबईच्या उपनगरांची कथा याहून निराळी. १९५२ मध्यें मुंबई उपनगर मतदारसंघांतून स्त्रियांच्या चळवळींत वाढलेल्या जयश्री रायजी निवडून आल्या. पुढें मतदारसंघांच्या सीमा आणि नांवें वरचेवर बदलत गेलीं. १९५७ आणि १९६२ मध्यें उत्तर मुंबईनें व्ही. के. कृष्ण मेनन यांस निवडलें. १९६२ ची लढत देशभर गाजली, कारण समोर आचार्य कृपलानी उभे होते. मेनन जिंकले, परंतु त्याच वर्षीं चीनच्या आक्रमणानंतर त्यांस संरक्षणमंत्रिपद सोडावें लागलें. पराभूत कृपलानी १९६३ मध्यें पोटनिवडणुकींतून लोकसभेंत आले आणि त्याच ऑगस्टांत त्यांनीं नेहरूंच्या सरकारावर स्वतंत्र भारतांतील पहिला अविश्वासाचा ठराव मांडला. ठरावाच्या बाजूस ६२ आणि विरुद्ध ३४७ मतें पडलीं. आंकड्यांत हा दारुण पराभव होता. तरीही सरकारास दिवसचे दिवस बसून उत्तर देणें भाग पडलें. हरलेलें मतही कधीं कधीं काम करून जातें, तें असें.

मेनन यांच्या उदाहरणांत वाचकाला सावध करणारी आणखी एक गोष्ट आहे. मंत्री प्रश्न विचारीत नाहीं, तो प्रश्नांस उत्तरें देतो. आणि सभासदांच्या हजेरीपुस्तकावर मंत्र्यास सही करावी लागत नाहीं. म्हणून केवळ प्रश्नांची संख्या आणि हजेरी पाहणाऱ्यास मंत्र्याचें पान कोरें दिसतें. कोरें पान आळशाचेंही असूं शकतें आणि कामाच्या ओझ्याखालीं दबलेल्याचेंही. २००४ मध्यें उत्तर मुंबईनें निवडलेले चित्रपटनट गोविंदा मंत्री नव्हते; त्यांच्या सभागृहांतील अल्प उपस्थितीवर जी टीका झाली, ती त्यामुळेंच मतदारांना रास्त वाटली.

१९७७ मध्यें उत्तर मुंबईनें मृणाल गोरे यांस दिल्लीस पाठविलें. गोरेगांवच्या वस्त्यांत पाण्यासाठीं हंडे घेऊन मोर्चे नेणाऱ्या या बाईंस लोक प्रेमानें ‘पाणीवाली बाई’ म्हणत. त्या लोकसभेनें १९७८ मध्यें ४४ वी घटनादुरुस्ती संमत करून आणीबाणीच्या अधिकारांना लगाम घातला. मात्र मृणालताईंच्या वैधानिक कार्याचें एक ठळक पान मुंबईच्या विधानसभेंत आहे. १९८६ मध्यें गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध त्यांनीं तेथें खासगी विधेयक आणलें. १९८८ मध्यें महाराष्ट्रानें तसा कायदा केला, आणि १९९४ मध्यें तो विषय संसदेच्या कायद्यांत गेला. विधेयक ज्याचें, त्याच्या नांवानें कायदा होतोच असें नाहीं. परंतु बीज कोणीं पेरलें याची नोंद दप्तरांत राहते.

१९८५ मध्यें ५२ व्या घटनादुरुस्तीनें पक्षांतरबंदीचें दहावें परिशिष्ट आलें. पक्षाचा आदेश मोडून मत देणाऱ्याचें सभासदत्व धोक्यांत येऊं लागलें. पैशाच्या आणि पदाच्या बाजारास त्यानें पायबंद घातला, हें खरेंच; परंतु त्याबरोबर मतदानाच्या यादीचा अर्थही पालटला. पूर्वीं त्या यादींत माणसाची बुद्धि दिसत असे, आतां बहुधा पक्षाची आज्ञा दिसते. १७ एप्रिल १९९९ रोजीं वाजपेयींचें सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मतानें पडलें, तेव्हां एकेक मत किती मोलाचें असतें हें देशानें पाहिलें. असे दिवस मात्र विरळा. एरव्हीं सभासदाचें स्वतःचें म्हणतां येईल असें काम पाहावयाचें तर तें मतांपेक्षां प्रश्नांत, समित्यांत आणि शुक्रवारीं येणाऱ्या खासगी विधेयकांतच शोधावें लागतें.

या दृष्टीनें १९८९ ते २००४ या काळांत उत्तर मुंबईचे प्रतिनिधि असलेले राम नाईक यांचें पान बोधप्रद आहे. १९७० नंतर एकही खासगी विधेयक दोन्ही सभागृहांतून पार पडून कायदा झालेलें नाहीं. त्यापूर्वीं तसें झालेलीं अवघीं १४ होतीं. तरीही नाईकांनीं अर्भकांच्या कृत्रिम दुधाच्या जाहिरातींस आळा घालून मातेच्या दुधास उत्तेजन देण्याविषयींचें विधेयक मांडलें. सरकारनें तो विषय उचलला आणि १९९२ मध्यें त्याचा कायदा झाला. त्याच वर्षीं त्यांच्या प्रयत्नानें लोकसभेच्या अधिवेशनारंभीं ‘जन गण मन’ आणि समाप्तीस ‘वंदे मातरम्’ यांची प्रथा पडली. लोकलेखा समितीचें अध्यक्षपदही त्यांनीं भूषविलें. ही समिति सरकारच्या खर्चाचा कागद न् कागद तपासते. तेथें टाळ्या नसतात, प्रेक्षक नसतात, आणि म्हणून तेथील मेहनत मतदारांच्या कानीं क्वचितच पडते.

एवढें सारें वाचून पुन्हां मढच्या किनाऱ्यावर यावें, म्हणजे खरी अडचण डोळ्यांपुढें उभी राहते. १९ फेब्रुवारी १९९१ रोजीं केंद्र सरकारनें किनारपट्टीच्या नियमनाची अधिसूचना काढली. भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंत काय बांधावें आणि काय बांधूं नये, हें तिनें ठरविलें. कोळ्याचें घर, जाळें सुकविण्याची जागा, मासळीचा धक्का, सारें त्या रेषेच्या आंत. १९८६ च्या पर्यावरण कायद्यान्वयें निघालेल्या या अधिसूचनेवर कोणत्याही सभासदाला ‘होय’ किंवा ‘नाहीं’ म्हणण्याचा प्रसंग आला नाहीं. २०११ आणि २०१९ च्या सुधारित अधिसूचनाही त्याच वाटेनें आल्या. १९९१ मध्यें जाहीर झालेलें, खोल समुद्रांत परदेशी जहाजांच्या भागीदारीला वाट देणारें धोरणही सरकारी निर्णयानेंच अमलांत आलें. देशभरच्या मच्छीमारांनीं १९९४ मध्यें संप पुकारले. १९९५ मध्यें मुरारी समिति नेमली गेली, आणि १९९६ मध्यें तिनें ते परवाने रद्द करण्याची शिफारस केली. कोळ्यांच्या पोटाशीं ज्यांचा सर्वांत जवळचा संबंध, ते हे निर्णय मतविभाजनाच्या यादींत शोधूनही सांपडणार नाहींत.

तेव्हां प्रतिनिधीचा हिशेब केवळ त्याच्या मतांवरून मांडणारा मनुष्य खलाशाची पारख त्याच्या होडीच्या रंगावरून करतो, असें म्हणावें लागेल. कोणत्या दिवशीं तो हजर होता, यापेक्षां कोणत्या प्रश्नासाठीं उभा राहिला. किती प्रश्न विचारले, यापेक्षां मिळालेल्या उत्तराचा त्यानें पाठपुरावा केला कीं नाहीं. अधिसूचनेच्या मसुद्यावर हरकती मागविल्या गेल्या तेव्हां त्यानें किनाऱ्यावरच्या माणसाचें म्हणणें दिल्लीपर्यंत नेलें कीं नाहीं, हें पाहावयास हवें. हें सारें कोठें तरी कागदावर असतें. लोकसभेचें कामकाज छापून निघतें आणि तें कोणासही वाचतां येतें.

मढचा कोळी भरती-ओहोटीच्या वेळा तिथीवरून जाणतो आणि वाऱ्याची दिशा पाहून शीड सोडतो. त्याला समुद्राची नोंद वाचावयास कोणी शिकविलें नव्हतें; पोटासाठीं तो शिकला. दिल्लीच्या दप्तराशींही आतां त्याच्या घराचा आणि जाळ्याचा तितकाच निकट संबंध जडला आहे.