तळटीप १२ : निर्वाताचे स्थैर्य

पुंजक्षेत्र सिद्धांतात ‘निर्वात’ म्हणजे केवळ रिकामी जागा नव्हे, तर सर्व क्षेत्रांची किमान ऊर्जेची अवस्था होय. मात्र डोंगरमाथ्यावरील तळ्याच्या पातळीप्रमाणे हे किमान केवळ स्थानिक असेल आणि त्याहून कमी ऊर्जेची दुसरी अवस्था संभवत असेल, तर पुंजयामिकीच्या नियमांनुसार विश्वात कोठेही त्या दुसऱ्या अवस्थेचा बुडबुडा निर्माण होऊन तो जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पसरू शकतो, आणि त्याच्या आत मूलकणांची वस्तुमाने बदलल्यामुळे आजचे अणू टिकू शकत नाहीत. सिडनी कोलमन आणि फ्रँक डी लुचिया यांनी १९८० मध्ये या प्रक्रियेवरील गुरुत्वाकर्षणाचा परिणाम मांडला.

मूलकणांच्या प्रमाणित प्रतिकृतीत हा प्रश्न मुख्यतः टॉप क्वार्क आणि हिग्ज बोसॉन यांच्या वस्तुमानांवर अवलंबून असतो. त्यांपैकी पहिल्याचा शोध १९९५ मध्ये अमेरिकेतील फर्मीलॅबमध्ये, तर दुसऱ्याचा २०१२ मध्ये जिनिव्हाजवळील सर्न येथे जाहीर झाला, आणि फर्मीलॅबच्या डी-झीरो व सर्नच्या सीएमएस या दोन्ही प्रयोगांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील वैज्ञानिकांचा मोलाचा सहभाग होता. अनुक्रमे सुमारे १७३ व १२५ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट या मूल्यांवरून आजचे निर्वात मितस्थिर, म्हणजे चिरंतन नसले तरी विश्वाच्या १३.८ अब्ज वर्षांच्या वयाहून कल्पनातीत काळ टिकणारे, असावे असे दिसते. अद्याप अज्ञात असलेले कण आढळल्यास हे गणित बदलू शकते. म्हणून वाचकांनी मूळ मजकुरातील ‘विश्वाचा अंत’ हे भाकीत न मानता सशर्त निष्कर्ष म्हणून वाचावे.