कँडीमॅन : इमारती पडल्या, भूत राहिलं

'कँडीमॅन' पुन्हा काढतायत म्हटल्यावर आमच्यासारख्या जुन्या चाहत्यांच्या पोटात गोळाच आला होता. भयपटांच्या रीबूटचा आजवरचा अनुभव काही फार चांगला नाही. २०१० साली 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'चं काय करून ठेवलं ते आठवत असेलच. पण २०२१ चा 'कँडीमॅन' मी तीन-चारदा बघितला, आणि त्यावर नीट लिहायला हवं असं वाटत राहिलं. कारण हा विषय नुसता सिनेमाचा नाही. सरकारी घरं, पोलीस आणि एखाद्या वस्तीची गोष्ट सांगण्याचा हक्क कुणाचा, असा सगळा मामला आहे. (दोन्ही सिनेमांचे शेवट खाली आहेत. बघायचे असतील त्यांनी आधी बघून या.)

थोडं मागून सुरू करतो.

मूळ कथा इंग्लंडमधली. क्लाइव्ह बार्करने लिहिलेली, लिव्हरपूलकडच्या एका बकाल सरकारी वसाहतीतली. दिग्दर्शक बर्नार्ड रोझ याने १९९२ साली ती उचलून थेट अमेरिकेत, शिकागोच्या कॅब्रिनी-ग्रीनमध्ये नेली. या एका निर्णयाने सगळं बदललं. कथेतल्या भुताला आता जात-वर्गाचा, म्हणजे तिकडच्या भाषेत वंशाचा, इतिहास मिळाला. सिनेमातला कँडीमॅन हा गुलामाचा मुलगा, नावाजलेला चित्रकार. एका गोऱ्या जमीनदाराच्या मुलीचं चित्र काढता काढता दोघांचं प्रेम जमतं, तिला दिवस जातात. मग १८९० मध्ये भाडोत्री गुंड त्याचा उजवा हात करवतीने कापतात, अंगाला मध फासतात आणि त्याच्यावर मधमाश्या सोडतात. त्याची राख जिथे टाकली तिथेच पुढे ही वसाहत उभी राहिली. आरशासमोर पाच वेळा नाव घ्या, तो येतो.

आता ही वसाहत काय होती ते बघा. १९४२ साली बैठ्या घरांपासून सुरुवात झाली. पन्नाशीच्या आणि साठीच्या दशकात टॉवर उभे राहिले. एकेकाळी इथे पंधरा हजारांच्या आसपास माणसं राहत होती, पुढे पुढे जवळजवळ सगळी कृष्णवर्णीय. शहरातली सगळ्यात श्रीमंत वस्ती, गोल्ड कोस्ट, इथून चालत जाण्याच्या अंतरावर. सुरुवातीला लोकांना ही घरं आवडली होती. पण देखभालीला पैसा येईना, लिफ्ट बंद पडू लागल्या, रिकाम्या फ्लॅटांमध्ये टोळ्या शिरल्या. १९८१ साली महापौर जेन बर्न स्वतः काही आठवडे तिथे राहायला गेल्या. बातम्या भरपूर झाल्या. त्या परत गेल्या आणि वसाहत होती तिथेच राहिली.

पहिल्या सिनेमातला सगळ्यात भीतीदायक प्रसंग कुठला म्हणाल, तर मी मधमाश्यांचा सांगणार नाही. नायिका हेलन ही विद्यापीठातली गोरी संशोधक. ती आपल्याच महागड्या फ्लॅटमध्ये बाथरूमचा आरसा काढते. मागे भिंतच नसते, थेट शेजारच्या फ्लॅटचं कपाट. तिची इमारतही मुळात सरकारी घरांसाठीच बांधलेली. नंतर गिलावा केला, रंग मारला आणि श्रीमंतांना विकली.

हा तपशील कल्पनेतला नाही. १९८७ साली शिकागोच्याच दुसऱ्या एका सरकारी वसाहतीत एका बाईने पोलिसांना फोन केला होता, की बाथरूमच्या कपाटातून माणसं घरात शिरतायत. पोलीस आले, दार वाजवलं, उत्तर आलं नाही, निघून गेले. दोन दिवसांनी घरात तिचा मृतदेह सापडला. स्वस्तातलं बांधकाम आणि तक्रारीकडे दुर्लक्ष, भूत तयार व्हायला एवढं पुरतं.

आणखी एक. सिनेमा १६ ऑक्टोबर १९९२ ला लागला. त्याच्या तीनच दिवस आधी खऱ्या कॅब्रिनी-ग्रीनमध्ये आईबरोबर शाळेत निघालेला सात वर्षांचा मुलगा गोळी लागून गेला. थिएटरात लोक ज्या इमारती बघून किंचाळत होते, त्याच इमारतींत लोक त्या आठवड्यात सुतकात होते.

आता चाहता असूनही बोलायला हवं. तो सिनेमा बघतो कुणाच्या डोळ्यांनी? हेलनच्या. ती बाहेरून येते, फोटो काढते, घाबरते, आपणही तिच्याबरोबर घाबरतो. वस्तीतली ॲन-मरी नावाची आई तिला स्पष्ट सुनावते, की आम्ही सगळे काही तसले नाही. पण सिनेमा तिच्या घरात थोडाच वेळ थांबतो. रोझला हे कळत नव्हतं असं नाही. इथे खून झाले तेव्हा कोणी फिरकलं नाही आणि एका गोऱ्या बाईला मारहाण होताच पोलिसांनी अख्खी वस्ती बंद केली, हे हेलनच्याच तोंडून येतं. तरीही शेवटी गोष्ट तिचीच राहते. कृष्णवर्णीय माणसाचा छळ करून त्याचं भूत झालं, आणि ते भूत छळतं कुणाला? बहुतेक वेळा त्याच वस्तीतल्या गरिबांना! टोनी टॉडचा तो खर्जातला आवाज आणि फिलिप ग्लासचं संगीत यांत आपण इतके गुंगतो की हा प्रश्न पडतच नाही. मला तरी बरीच वर्षं पडला नव्हता.

मधले दोन भाग, १९९५ चा आणि १९९९ चा, पटकन उरकतो. एक न्यू ऑर्लिन्सला गेला, दुसरा लॉस एंजेलिसला. टोनी टॉड दोन्हींत आहे, आकडा आहे, मधमाश्या आहेत, पण ती वसाहत नाही. वस्ती सुटली आणि भीतीही सुटली.

दरम्यान खुद्द वसाहतच गेली. २००० साली शहराने सरकारी घरांच्या 'कायापालटा'ची योजना आणली आणि टॉवर एकेक करून पाडले. शेवटचा २०११ मध्ये गेला. त्या जागी नवी घरं, दुकानं, कॉफीची हॉटेलं आली. जुन्या रहिवाशांतले थोडे परतले, बरेच शहरभर पांगले. पुनर्विकास हा शब्द ज्यांच्या घरात रोज बोलला जातो, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि इथूनच निया डाकोस्टाचा सिनेमा सुरू होतो. नायक अँथनी कृष्णवर्णीय चित्रकार आहे, जोडीदार आर्ट गॅलरीत काम करते, आणि दोघं राहतात कॅब्रिनी-ग्रीनच्या जागेवर झालेल्या आलिशान फ्लॅटमध्ये. जागा मिळाली, पण जागेची गोष्ट माहीत नाही. ती त्याला जुना लॉन्ड्रीवाला सांगतो. त्याच्या लहानपणी, १९७७ मध्ये, मुलांना गोळ्या वाटणारा, हाताला आकडा असलेला एक माणूस होता. एका गोऱ्या मुलीच्या गोळीत ब्लेड निघालं. पोलिसांनी त्यालाच ठेचून मारलं. नंतरही ब्लेडं निघतच राहिली, म्हणजे तो निर्दोष होता. या कथा डाकोस्टाने सावल्यांच्या बाहुल्यांनी दाखवल्यात. रक्ताचा थेंब नाही, तरी अंगावर येतं.

पुढे कळतं की अँथनी म्हणजे पहिल्या भागात पळवलेलं ते बाळ, ॲन-मरीचा मुलगा. माझ्या मते रीबूटचा सगळ्यात मोठा हिशेब इथे चुकता होतो. जी आई तेव्हा थोडक्यात आटोपली होती, तिचं घर आता गोष्टीच्या मध्यभागी येतं. आणि कँडीमॅन एकच नाही, हे कळतं. प्रत्येक पिढीत एकेक निरपराध मारला गेला आणि तेच नाव पुढे चालत राहिलं.

तक्रारी आहेतच. सिनेमा बोलतो जास्त. जे १९९२ मध्ये आरशामागच्या भोकाने सांगितलं, ते इथे पात्रं संवादांत समजावतात. लॉन्ड्रीवाल्याचं शेवटी एकदम माथेफिरू होणं घाईचं वाटतं. आणि भीती? खरं सांगायचं तर पहिल्याच्या निम्मी.

तरीही शेवट बघा. पोलीस अँथनीला गोळ्या घालतात, मग त्याच्या जोडीदाराला गाडीत बसवून पढवतात, काय घडलं ते असं असं सांग म्हणून. ती गाडीच्या आरशात बघून पाच वेळा नाव घेते. पहिल्या भागात हे नाव लोक गंमत म्हणून घ्यायचे. इथे ते एका बाईच्या हातातलं शेवटचं हत्यार होतं, कारण खरी साक्ष कुणी लिहून घेणार नाही. सिनेमा २०२० च्या जूनमध्ये लागायचा होता, करोनामुळे ऑगस्ट २०२१ ला लागला. मधल्या काळात मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड पोलिसाच्या गुडघ्याखाली गेला होता आणि रस्त्यावर मारल्या गेलेल्यांची नावं घेतली जात होती. त्या आठवड्यात हा सिनेमा अमेरिकेत गल्ल्यावर पहिला आला. तिथे पहिल्या क्रमांकावर पोचलेला कृष्णवर्णीय स्त्री दिग्दर्शकाचा हा पहिलाच सिनेमा.

टोनी टॉड २०२४ मध्ये गेला. शेवटच्या दृश्यात क्षणभर त्याचा चेहरा येतो आणि तो एवढंच सांगतो, की ही गोष्ट सगळ्यांना सांग.

रात्री एकट्याने बघायला मी आजही १९९२ चाच लावतो. पण कुणी विचारलं की या मालिकेतला एकच भाग दाखव, तर दोन्ही दाखवीन, त्याच क्रमाने, लागोपाठ. ज्यांनी दोन्ही पाहिलेत त्यांनी आपलं मत जरूर लिहा. शिव्या चालतील, फक्त सिनेमा बघून द्या.