सांध्याची दिशा

माझं टायरचं दुकान वर्ध्यात आर्वी नाक्याजवळ आहे, पण चाकाचं काम घरात आजापासूनचं. आबाजी सेलूकडच्या गावात बंडीची चाकं बांधायचे. तुंबा, आरे, पुठ्ठे हे सुताराचं काम. वरची लोखंडी धाव मात्र लोहार आणि ते मिळून चढवत. पट्टीची दोन्ही टोकं तिरपी तासून एकावर एक ठेवायची, भट्टीत तापवायची आणि घणाने ठोकून एकजीव करायची. कडं चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम थोडं लहान. ते गोवऱ्यांच्या जाळात लालबुंद करायचं, सांडशींनी उचलून चाकावर बसवायचं आणि लगेच पाणी ओतायचं. लोखंड आकसताना लाकूड करकरायचं. चाक निवलं की आबाजी सगळ्यात आधी सांध्यावरून अंगठा फिरवायचे. "सांधा हाताले लागला नाही पायजे," एवढंच म्हणायचे.

त्या चाकाला दिशा नव्हती. डावं उजवीकडे घाला, पुढचं तोंड मागे करा, काळ्या मातीत चाकोरी तीच उमटायची.

मग रबर आलं. जॉन बॉइड डनलॉपने 1888 साली हवेच्या टायरचं पेटंट घेतलं आणि 1936 मध्ये त्या नावाच्या कंपनीचा कारखाना बंगालात साहागंजला सुरू झाला. आमच्याकडे डनलॉप हे माणसाचं नाव आहे हे कोणाच्या गावीही नव्हतं. रबरी चाकाची बंडी म्हणजे डनलॉप. तिलाही दिशेची फिकीर नव्हती, कारण ओढायचे बैल. चाकाने फक्त मागे मागे यायचं.

दुचाकीच्या इतिहासात वर्ध्याचं नाव आहे, हे मी गिऱ्हाइकांना आवर्जून सांगतो. जमनालाल बजाजांना दत्तक घेणारे शेठ बच्छराज इथलेच. त्यांच्या नावाची बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन 1945 मध्ये निघाली, 1948 पासून परदेशी स्कूटर विकू लागली, आणि तिचीच पुढे बजाज ऑटो झाली. 1972 साली आलेल्या चेतकवर बाबांचा हात बसला. पुढे-मागे एकाच मापाचे टायर, 3.50-10, आणि एकच स्टेपनी दोन्हीकडे चालायची. पंक्चर झालं की नट काढा, स्टेपनी लावा, निघा. मला आजही ती रचना फार शहाणपणाची वाटते.

मोटारसायकलने हे मोडलं. राजदूतच्या काळापासून पुढच्या टायरला सरळ लांब रेघा, म्हणजे रिब. चाक आडवं घसरू नये आणि हँडलचं ऐकावं म्हणून. मागच्याला ठोकळे, कारण इंजिनाचा जोर तिथे. आमची काळी माती मृगात अशी चिकटते की ठोकळ्यांमधली जागा रुंद नसेल तर टायर गोटा होऊन नुसता फिरतो. पुढे तिरप्या खाचा आल्या, पाणी बाजूला फेकणाऱ्या, आणि टायरच्या कुशीवर बाण आला.

त्या बाणाचा अर्थ मला एका चुकीने कळला. एका शिक्षकाच्या गाडीला नवा पुढचा टायर घालताना त्याची नक्षी मागच्याच्या उलट दिसली. मला वाटलं, छापणाऱ्याची चूक. बाणाकडे काणाडोळा करून मी डोळ्यांना बरं दिसेल तसा बसवला. चार दिवसांनी मास्तर आले. "भाऊ, बाण मागं हाये." त्यांनी तो स्वतः पाहिला होता. मी त्यांना समजावलं, परत पाठवलं. त्याची लाज अजून वाटते.

उत्तर मिळालं नागपूरला, ट्रकचे टायर रिमोल्ड करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे. तो झिजलेल्या टायरवर रबराचा नवा पट्टा गुंडाळत होता. शेवटी दोन्ही टोकं त्याने तिरपी कापली आणि एकावर एक बसवली. मी बघतच राहिलो, आबाजींचीच रीत. त्याने सांगितलं, नव्या टायरचा पट्टाही असाच जोडलेला असे आणि बाण त्या जोडाची काळजी घेई. मागच्या चाकात इंजिन जमिनीला मागे ढकलतं, म्हणून जमीन रबराला पुढे रेटते. पुढच्या चाकावर मोठा जोर ब्रेक मारताना येतो, आणि तो रबराला मागे खेचतो. तिरपा जोड एका दिशेने दाबला तर मिटतो, उलट दिशेने ओढला तर त्याची कड उचलू पाहते. म्हणून एकच टायर पुढे एका दिशेने आणि मागे दुसऱ्या दिशेने; काहींवर तर त्यासाठी दोन बाण असतात. नक्षी उलट दिसते तीही बऱ्याचदा ह्याच जोरामुळे.

लोखंडाचा सांधा घणाखाली नाहीसा व्हायचा, म्हणून धावेला दिशा लागली नाही. रबरात तो आत राहिला. आता बुटीबोरीला सिएटच्या कारखान्यात दुचाकीचे टायर निघतात. जोड कुठे आहे हे अंगठ्याला मुळीच कळत नाही. बाण मात्र आहे.

नागपूरहून परतलो त्याच संध्याकाळी मास्तरांच्या घरी गेलो, चाक काढून दुकानात आणलं, टायर पलटवला. टायर उतरवण्याआधी रिमवर खडूने बाण काढायचा, हे त्या दिवसापासून.